रोह्यात न दिसलेली अकरा मिनिटं

सहा वर्षं ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती. बायकोला नाही, आमच्या शेठना नाही, आणि ज्याचं नुकसान झालं त्याला तर नाहीच. ‘नववा भोंगा’ नावाचा चित्रपट पेणला चालला आणि रोह्याला पडला. का पडला यावर तेव्हा पुष्कळ बोललं गेलं. खरं कारण एवढंच होतं की रोह्याने तो पूर्ण पाहिलाच नव्हता. त्यातली अकरा मिनिटं मी गाळली होती. पहिल्या दिवशी घाईत गाळली. पुढचे सहा दिवस जाणूनबुजून.

संपादकांनी मला ‘टॉकीजमधल्या गमतीजमती’ लिहायला सांगितलं होतं. गमती आहेत, एकदोन सांगतोही. पण त्या लिहायला बसलो की प्रत्येक वेळी हात याच आठवड्यापाशी येऊन थांबायचा.

रोह्याच्या टॉकीजमध्ये मी सव्वीस वर्षं काढली. सुरुवातीला ऑपरेटर होतो, म्हणजे मशीन चालवणारा. मग मॅनेजर झालो, आणि शेवटच्या दहा वर्षांत दोन्ही मीच. आमच्या शेठची दोन टॉकीज होती, एक पेणला, एक रोह्याला. शेठ पेणला राहायचे. रोह्याचा कारभार माझ्यावर होता आणि त्यांचा मला एकच कायमचा हुकूम होता: दुपारचा खेळ संध्याकाळच्या पॅसेंजरआधी सुटला पाहिजे.

बाहेरच्या माणसाला यातलं कळणार नाही म्हणून सांगतो. आमचा दुपारचा खेळ साडेतीनचा. त्याला निम्मे लोक बाहेरगावचे. निडी, नागोठणे, आणखी आतल्या वाड्या. दुपारी बाजार करायचा, पिक्चर बघायचा आणि संध्याकाळच्या गाडीने परत. टॉकीजपासून स्टेशन चालत वीस मिनिटांवर. गाडी चुकली तर त्या बायामाणसांचे हाल, आणि पुढच्या वेळी ती पिक्चरला येणार नाहीत. म्हणून चित्रपट लांब असला की ऑपरेटरने तो लहान करायचा. रिळं होती तेव्हा गाणं असलेल्या जागी पट्टी कापून पुन्हा जोडायचो. पुढे सगळं सर्व्हरवर आलं, तेव्हा दिव्यासमोरची झडप क्षणभर पाडायची, चित्रपट हवा तेवढा पुढे सरकवायचा आणि झडप उचलायची. पडद्यावर तीन-चार सेकंद काळोख. लोकांना वाटतं, प्रसंग बदलला.

हे नियमात बसत नव्हतं. चित्रपट देणाऱ्या कंपनीच्या करारात तर स्पष्ट मनाई होती. पण आम्ही करायचो, आणि मी ते फार चांगलं करायचो. कुठलं गाणं उडवलं तर गोष्ट अडत नाही, कुठला विनोदी प्रसंग दुसऱ्यांदा आलाय, स्वप्न कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, हे मला एकदा बघून कळायचं. माझा स्वतःचा एक नियम होता. चित्रपट एकदा पूर्ण बघितल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. एकदा एका पावणेतीन तासांच्या कौटुंबिक चित्रपटातली नायकाची दोन स्वप्नं आणि मामाचं एक भाषण मी काढून टाकलं. पेणला तो पूर्ण दाखवला आणि आठवड्यात उतरला. रोह्याला तीन आठवडे चालला. शेठ म्हणाले, “रोह्याचं पब्लिक रसिक आहे हां.” पण मनातल्या मनात तो चित्रपट माझा होता.

फसली नाही ती एकटी गोदाआत्या. ही निडीची म्हातारी महिन्यातून एकदा सुनेला घेऊन यायची. खेळ सुटला की माझ्या टेबलापाशी थांबायची.

“दिन्या, ती बया नाचाया उभी राह्यली नि एकदम मंगलाष्टकाच? मधला नाच कुठं गेला रं?”

“आत्या, तेवढाच होता.”

“माजे डोळे गेलं नाय अजून. पुढच्या टायमाला नाच ठेव, लगीन काढ.” आणि सुनेला, “चल गो, गाडी जायची.”

आता चित्रपटाकडे येतो.

‘नववा भोंगा’ केला तो टिपणीस सरांच्या निखिलने. टिपणीस सर रोह्याच्या शाळेत गणित शिकवायचे. मलाही शिकवलंय. त्यांच्याकडे उत्तर बरोबर असलं तरी पायरी गाळली की मार्क कापले जायचे. निवृत्त झाल्यावर ते रोह्याला लागूनच असलेल्या वरसेला घर बांधून राहिले. घराच्या आवारात विहीर आहे. रोज सकाळी पहिली कळशी काढून ते फाटकाबाहेर ठेवायचे, वर पेला उपडा घालून. कामावर जाणारे लोक पाणी पिऊन पुढे जायचे.

निखिल त्यांचा एकुलता एक. इंजिनिअर झाला, सरांच्या आग्रहाने इथल्याच एका केमिकल कंपनीत लागला, आणि दोन वर्षांनी राजीनामा टाकून मुंबईला सिनेमात गेला. जाताना बापलेकांचं जोरात वाजलं. “तुमचं गणित तुमच्यापाशी ठेवा,” असं तो फाटकात उभा राहून म्हणाला, आणि ते शेजाऱ्यांनी ऐकलं, म्हणजे गावाने ऐकलं. पाच वर्षं तो घरी आला नव्हता. आला तो एकदम शूटिंगच्या गाड्या घेऊन, आणि तेव्हाही लॉजवर उतरला.

चित्रपटाची गोष्ट पुढच्या काळातली. एक गाव आहे. तिथे माणसांना नावं नाहीत, बिल्ल्यावरचे नंबर आहेत. दिवसाला आठ भोंगे होतात. एका भोंग्याला उठायचं, एकाला चूल पेटवायची, एकाला बोलायचं बंद करायचं. पाणी कंपनीचं, मोजून मिळतं, आणि विहीर ठेवणं हा गुन्हा. नववा भोंगा क्वचित होतो. तो झाला की सगळ्या गावाने घराबाहेर येऊन, पकडलेल्या माणसाकडे बोट दाखवून ‘हाच तो’ म्हणायचं. या गावात एक म्हातारा झाकून ठेवलेल्या विहिरीतून लोकांना पाणी देतो. त्याचा मुलगा कंपनीत नोंदी करणारा कारकून आहे. भीतीपोटी तो बापाचा नंबर वर कळवतो. बापाला गाडीत घालून नेतात.

म्हातारा कोण हे कळायला रोह्यात कुणाला विचारायची गरज नव्हती. पोस्टरवर विहीर होती आणि विहिरीवर कळशी होती.

पेणला संध्याकाळी सहाचा खेळ मिळाला, आम्हाला दुपारचा. दिवसाला तेवढा एकच. पहिल्या शुक्रवारी हॉल भरला. गावच्या मुलाचा चित्रपट म्हणून आधी सत्कार ठेवला होता. साडेतीनला सुरू झाला. एका संस्थेचे अध्यक्ष बोलले, मग उपाध्यक्ष, मग शाळेचे माजी विद्यार्थी, मग ज्यांचं नाव घ्यायचं राहिलं होतं ते स्वतःच उठले. शाली आठ निघाल्या. सरांना दोन शब्द बोला म्हणाले, तर सर खरोखर दोनच वाक्यं बोलले आणि बसले. चार वाजून गेले होते. निखिलला नटमंडळींबरोबर पेणच्या खेळाला पोचायचं होतं, तो निघून गेला. जाताना सरांच्या पाया पडला. सरांनी त्याच्या डोक्याला हात लावला. हे सगळ्यांनी पाहिलं. मी वरून केबिनच्या खिडकीतून पाहिलं.

मग माझं काम सुरू झालं. जाहिराती उडवल्या. इंटरव्हल पाच मिनिटांचं केलं. तरी दहा-बारा मिनिटं जास्त होत होती, आणि खाली निम्मा हॉल गाडीवाल्यांचा. चित्रपट मी आधी बघितलेला नव्हता. कंपनीने पाठवलेल्या परवानगीच्या किल्लीशिवाय सर्व्हर चित्रपट उघडत नाही, आणि ती किल्लीच त्या दिवशी दुपारी आली होती. माझा नियम मोडायचा की लोकांची गाडी चुकवायची, एवढाच प्रश्न मला तेव्हा दिसला.

बापाला घेऊन गाडी गेली. पडदा काळा झाला. मग विहीर दिसली. मुलगा विहिरीशी येऊन उभा राहिला. अर्धं मिनिट झालं, कुणी बोलेना. एक मिनिट झालं, संगीतही नाही. मी घड्याळाकडे पाहिलं. इतक्या वर्षांचा अनुभव सांगत होता की जिथे कुणी बोलत नाही, तिथे काही घडत नाही. कलात्मक भाग असणार. पारितोषिकांसाठी ठेवतात तसा. एकूण लांबीतून हिशेब केला, शेवटची पाच मिनिटं राखली, झडप पाडली, चित्रपट पुढे नेला, झडप उचलली. पडद्यावर काळोख आला आणि गेला. त्या चित्रपटात निम्मा वेळ काळोखच होता, कुणाला काय खटकणार?

पुढे एवढंच होतं: नववा भोंगा वाजतो. गावाच्या बंद दारांवरून कॅमेरा फिरतो. कुणीही बाहेर येत नाही. भोंगा वाजतच राहतो. संपलं.

हॉलमधून लोक बाहेर आले ते गप्प. गोदाआत्या माझ्यापाशी थांबली, पण या वेळी तिने नाच मागितला नाही.

“पोरानं बापाला इकला नि वर गाव घरात बसून राह्यला. ह्यो काय पिक्चर झाला?”

“नव्या धर्तीचा हाय, आत्या.”

“धर्ती घाल चुलीत. चल गो.”

शाल मिळालेल्यांपैकी एकाने जाता जाता मोठ्याने म्हटलं, “गावात शूटिंग केलं, गावानं जेवू घातलं, आणि गावालाच भित्रं म्हणतोय.” लोकांनी माना हलवल्या.

सर शेवटी उतरले. हातात कापडी पिशवी, त्यात सत्काराचा नारळ. माझ्यापाशी येऊन उभे राहिले.

“दिनकर, संपला?”

“व्हय सर.”

“एवढाच?”

इथे मला सांगता आलं असतं. जिना रिकामा झाला होता. सर, आज भाषणं लांबली, थोडं गाळावं लागलं, उद्या या. एवढं म्हटलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. मी म्हणालो, “एवढाच, सर.”

“मधली एक पायरी गाळल्यासारखं वाटलं,” ते म्हणाले. मग पिशवी सावरत म्हणाले, “असेल. मला यातलं कळत नाही.” आणि रिक्षात बसून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटाच केबिनमध्ये बसलो आणि तो भाग लावून पाहिला.

अकरा मिनिटं कुणी एक शब्द बोलत नाही. मुलगा विहिरीत कळशी सोडतो. त्याला जमत नाही, दोर हातातून सुटतो, तो पुन्हा ओढतो. भरलेली कळशी फाटकाबाहेर ठेवतो, वर पेला उपडा घालतो आणि शेजारी जमिनीवर बसतो. भोंगा होतो, तो उठत नाही. दुसरा होतो, तरी उठत नाही. पहिला माणूस येतो, घाबरत पाणी पितो, जातो. मग एक बाई. मग आणखी. प्रत्येक जण पाणी पिऊन पेला पुन्हा उपडा घालतो. शेवटी गाडी येते. मुलगा स्वतः उठतो, बिल्ला काढून त्यांच्या हातात देतो आणि गाडीत बसतो. मग नववा भोंगा होतो. गावाने बाहेर येऊन त्याच्याकडे बोट दाखवायचं आहे, आणि कुणीही येत नाही.

म्हणजे शेवट तोच. तीच दारं, तोच भोंगा. मधलं गाळल्यावर बोट दाखवायला समोर कुणी उरतच नव्हतं, म्हणून ती दारं नुसती भीतीने लावलेली वाटली. पण तेवढी अकरा मिनिटं पाहिली असली तर ते गाव भित्रं नसतं. ते पहिल्यांदा हुकूम मोडत असतं. आणि मुलगा बापाला विकून सुटलेला नसतो.

चुकलो हे कळायला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

त्या दुपारी भाषणं नव्हती. चित्रपट वेळेवर सुरू होऊन गाडीआधी आरामात सुटला असता. पूर्ण दाखवायला काही म्हणजे काही अडचण नव्हती. तरी मी तो गाळून दाखवला. कारण आज पूर्ण दाखवला, तर काल कापला होता हे सगळ्यांना कळणार. कंपनीला कळलं तर सर्व्हर काढून नेतील, शेठ मला घरी बसवतील, ही भीती होती. पण आता खरं सांगायलाच बसलोय तर तेही सांगतो. नोकरीची भीती दुसऱ्या नंबरची होती. इतकी वर्षं गाळूनही कुणाला कळत नाही, याचा मला जो अभिमान होता, तो मोडायची माझी तयारी नव्हती. ज्या माणसाने माझे मार्क कापले त्याच्यासमोर तर अजिबात नाही. सर्व्हरवर अशा प्रत्येक उडीची नोंद राहते. पण नोंद मागायला आधी कुणाला संशय यावा लागतो. तो आला नाही.

उलट दोन गावांतच जुंपली. पेणला चित्रपट संपला की लोक मिनिटभर बसून राहायचे आणि मग टाळ्या वाजवायचे. रोह्याला लोक चडफडत उठायचे. आणि पेणचा माणूस कामाला रोह्याला येतोच. सोमवारी टॉकीजसमोरच्या चहाच्या टपरीवर एका कंपनीतले दोघे भांडत होते. रवी पेणचा, संतोष रोह्याचा.

“बापाला नेल्यावर पोरगा सोता विहिरीवर बसतो,” रवी सांगत होता. “सगळ्यांना पाणी देतो. मग त्यालाबी नेतात. माझी बायको रडली.”

“कुठली विहीर? बापाला नेला, भोंगा झाला, खेळ सुटला.”

“तू झोपला हुतास.”

“मी? माझ्या पुढच्या खुर्चीत टिपणीस सर होते. सरांच्या मागं कोन झोपतो?”

टपरीवर हशा झाला. तेवढ्यात संतोषला मी दिसलो. “दिनूदादा, तुम्हीच सांगा. रोज बघताय. हाय का विहीर?”

“पेणला काय दाखवतात मला काय ठाव?” मी म्हणालो. “हितं आलाय तो दाखवतो.”

“बघ,” संतोष रवीला म्हणाला. “गणपती तुमच्याकडनं घ्यायचे, आता पिक्चरचा शेवटबी तुमच्याकडनंच घ्यायचा काय?”

गावातल्या मोबाइलच्या ग्रुपवर एका निवृत्त बँकवाल्यांनी लांबलचक मजकूर टाकला होता. पेणकरांना गणपतीच्या अर्धवट मूर्तीला मनातल्या मनात डोळे रेखायची सवय असल्याने त्यांना नसलेला शेवटही दिसतो, असा त्याचा सारांश. लोकांनी तो भरपूर पुढे पाठवला. मलाही चार जणांकडून आला. मी चौघांनाही हसणारं तोंड पाठवलं.

मंगळवारी निखिल स्वतः आला. दुपारचा खेळ चालू होता. रोह्यातलं बोलणं त्याच्या कानावर गेलं असणार, कारण तो हॉलमध्ये गेला नाही. खाली माझ्या ऑफिसात बसला. मी चहा मागवला.

“किती लोक आहेत, दिनूकाका?”

“सत्तरएक.”

“पेणला उभं राहून बघतायत. आणि माझ्या गावात मला शिव्या.” हसायचा प्रयत्न केला त्याने. मग म्हणाला, “बाबा काय म्हणाले पहिल्या दिवशी?”

“सर कुठं काय बोलतात.”

“ते खरं.” तो चहाच्या ग्लासाशी खेळत राहिला. “तुम्हाला म्हणून सांगतो, काका. पिक्चर सगळा लोकांसाठी आहे, पण शेवटची विहीर तेवढी बाबांसाठी. मला बोलता आलं असतं त्यांच्याशी, तर ती लिहिलीच नसती. ती बघून ते काही बोलतील म्हणून चार दिवस फोन हातात घेऊन बसलोय.”

घड्याळात गाळायची वेळ झाली होती. “मशीन बघून येतो,” म्हणून मी वर गेलो. झडप पाडली, अकरा मिनिटं उडवली, झडप उचलली. त्या वेळी त्याचं वाक्य माझ्या कानात होतं आणि हात आपलं काम करत होते. खाली आलो तर तो उभा होता. हॉलमधून भोंग्याचा आवाज येत होता.

“नववा भोंगा? इतक्यात?”

“आज इंटरव्हल लहान केलं. गाडी असते ना.”

त्याने मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं. ज्याने तो चित्रपट शेकडो वेळा मागेपुढे करून पाहिला होता, त्याला हे कळायला हवं होतं. पण ज्याला काका म्हणतो त्या, लहानपणापासून ओळखीच्या माणसावर कोण संशय घेईल? “ठीक आहे,” तो म्हणाला. “वरसेला जाऊन येतो. आज समोरासमोरच विचारतो त्यांना.”

तो वरसेला गेला. तिथे काय झालं ते मला तेव्हा कळलं नाही. गुरुवारी चित्रपट रोह्यातून उतरला. पेणला आणखी एक आठवडा चालला. निर्मात्यांचं आपसात बिनसलं, त्यामुळे तो पुढे मोबाइलवर, टीव्हीवर कुठेच आला नाही. रोह्यासाठी तो कायमचा तसाच राहिला, जसा मी दाखवला. निखिलने पुढे चित्रपट केला नाही. जाहिरातींचं काहीतरी करतो म्हणतात.

कोरोनात टॉकीज बंद पडलं, पुन्हा उघडलं, आणि मागच्या वर्षी कायमचं बंद झालं. सर्व्हर परत गेला. आता मी एका गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकतो. काम हलकं आहे. तिथे बसून मी हा लेख निम्मा लिहिलाही होता. गोदाआत्या होती, लाइट गेल्यावरची एक गंमत होती. या आठवड्याबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं.

यंदा श्रावणात सर आजारी पडले. निखिल एक दिवस येऊन दवाखान्याचं बघून गेला. दुसऱ्या दिवशी सरांच्या शेजारच्या बाई माझ्या दुकानात आल्या होत्या. कव्हर बघता बघता म्हणाल्या, “पिक्चरात बापाला विकून मोकळा झाला, आता बघायला येतोय. गावाला काय कळत नाय?”

सहा वर्षं झाली होती. चित्रपट कुणाच्या लक्षात नव्हता, नट कोण होता ते नव्हतं. एवढं वाक्य मात्र राहिलं होतं, आणि ते मी केलेलं होतं.

पुढच्या रविवारी मी वरसेला गेलो. सर ओटीवर खुर्चीत बसले होते. ब्याऐंशी वय, आजारातून उठलेले. “ये दिनकर,” म्हणाले. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं. भाषणं, गाडी, झडप, अकरा मिनिटं. सर ऐकत होते. मी थांबल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हा:

“दुसऱ्या दिवशी पूर्ण दाखवलास?”

“नाय सर.”

“आणि नंतर?”

“नाय. एकदाबी नाय.”

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. मला वाटलं, आता जा म्हणतील.

“त्या मंगळवारी तो आला होता,” सर म्हणाले. “वीस मिनिटं बसला. पाहिलात का म्हणाला, मी पाहिला म्हटलं. शेवट पाहिलात? मी म्हटलं, तू दाखवलास तो पाहिला. तो उठून गेला. मला वाटलं, चित्रपटात म्हणाला ते पुरलं नाही, म्हणून घरी येऊन पुन्हा ऐकवतोय.” मग शेजारची खुर्ची दाखवून म्हणाले, “बस. काय होतं त्यात ते सांग.”

मी सांगितलं. जेवढं आठवत होतं तेवढं, आणि मला ते सगळंच आठवत होतं. दोर सुटतो तिथे सरांनी मला थांबवलं.

“कळशी होती की घागर?”

“कळशी.”

“पेला?”

“वर. उपडा.”

“हं. पुढे.”

शेवटपर्यंत सांगून झालं. सर फाटकाकडे बघत होते. तिथे आता नळ आलाय. ते रडले नाहीत, माझ्यावर चिडले नाहीत. चिडले असते तर मला बरं वाटलं असतं, हे त्यांना कळलं असावं.

“निखिलला हे ठाऊक आहे?”

“नाय सर. तुम्हीच सांगितलंत तर...”

“मी नाही सांगणार,” ते म्हणाले. “मला त्याच्याशी काय बोलायचंय ते मी बोलेन. पण तू केलंस ते तू सांग. तू सांगेपर्यंत मी थांबतो.” आणि मी फाटकाशी पोचल्यावर मागून म्हणाले, “फार दिवस लावू नकोस. माझं वय बघ.”

त्याला आता पाच आठवडे झाले. निखिलचा नंबर सरांनीच लिहून दिलाय. मी तो दोनदा लावला आणि रिंग व्हायच्या आत बंद केला. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मला कशाला सांगताय, त्याला सांगा.” संपादकांना गमतीजमतींऐवजी हे देतोय, आणि छापलं नाही तरी चालेल असंही कळवलंय. कारण लिहून भागणार नाही. अंक निखिलच्या हाती पडेल न पडेल, आणि पडला तरी हे त्याला छापलेलं वाचून कळावं हे बरोबर नाही.

निखिलला फोन करून मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. ती अकरा मिनिटं मी गाळली, आणि त्याच्या वडिलांनी ती पाहिली नव्हती. त्या मी त्याला अजून सांगितलेल्या नाहीत.